पापणी लवायच्या आत

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती, नववीतली आहे, आणि तिने पहिल्याच दिवशी माझ्या लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला. म्हणाली, आत्या, यात काही दाबायचं नाही, पळायचं नाही, कोणाला मारायचं नाही, दीड तासात संपतो, आणि हरताच येत नाही. मी म्हटलं मग करायचं काय. "बघायचं. आणि पापणी लवली की पुढे जातं."

मला वाटलं काहीतरी गंमत असेल. तर नाही, खरंच तसंच होतं. लॅपटॉपचा कॅमेरा कधीचा बंद पडलाय, म्हणून दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन एक साधा वेबकॅम आणला, कर्वेनगरच्या आमच्या हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले, आणि गेमने सुरुवातीलाच माझे डोळे तपासून घेतले, म्हणजे आता उघडे ठेवा, आता मिटा, असं. ते चालू असताना मला एकदम बाबांचा आवाज ऐकू आला. जरा मान डावीकडे. हनुवटी खाली. हां, बस्स. इकडे बघा.

माझ्या बाबांचा नारायण पेठेत फोटो स्टुडिओ होता. बाबांचं अख्खं आयुष्य लोकांच्या पापण्या सांभाळण्यात गेलं असं मी म्हटलं तर ते खोटं होणार नाही, आणि म्हणूनच हा गेम माझ्या मनातून जात नाहीये. कोणाला सांगितलं तर म्हणतात गेमवर काय एवढं लिहायचंय, पण मला लिहायचंय.

गेमचं नाव "बिफोर युअर आइज". एप्रिल २०२१ मध्ये आला. गोष्ट अशी की तुम्ही मेलेले आहात, एका नदीतून एक नावाडी तुम्हाला वर काढतो, नावाडी म्हणजे एक लांडगा आहे, आणि तो म्हणतो मला तुझी गोष्ट सांग, तुझं आयुष्य दाखव, म्हणजे मी तुझी बाजू पुढे नीट मांडीन. मग तुम्ही तुमचं आयुष्य बघायला लागता. बेंजामिन नावाचा मुलगा असता तुम्ही. पहिली आठवण समुद्रकिनाऱ्याची आहे, तान्हं बाळ असता, आई जवळ आहे, लाटांचा आवाज आहे. आणि मग खाली एक मेट्रोनोम येतो, तोच, गाण्याच्या क्लासमध्ये टिकटिक करणारा, आणि तो आला म्हणजे समजायचं की आता पुढची पापणी लवली की हा क्षण गेला. परत येणार नाही. पुढे किती गेलात तेही तुमच्या हातात नाही, कधी काही सेकंद, कधी काही वर्षं.

पहिल्यांदा मी तो क्षण चारपाच सेकंदांत घालवला. आई काहीतरी बोलत होती, वाक्य अर्धं होतं, आणि मी सवयीने पापणी लववली, झालं, संपलं, पुढचं दृश्य. मला इतकी चुटपुट लागली ना. मग पुढच्या वेळी मी डोळे ताणून बसले, मेट्रोनोम टिकटिकतोय, आई पियानोपाशी बसलीये, काहीतरी सांगतेय, डोळ्यांत पाणी यायला लागलं, चुरचुरायला लागलं, आणि तरी शेवटी ते व्हायचं ते झालंच. डोळे कोरडे पडले की मिटतातच. मुद्दाम केलेलं नसतं, चूकही नसते, शरीर आहे म्हणून होतं. आणि गेम त्याबद्दल काही बोलत नाही, गुण कापत नाही, नुसता पुढे जातो.

बाबांच्या स्टुडिओत हीच गोष्ट उलट बाजूने चालायची.

तेव्हा फिल्मचा १२०चा रोल असायचा, त्यात बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. एकाची पापणी लवली की एक बारावा हिस्सा गेला, आणि तो कळणार कधी, तर रात्री डार्करूममध्ये निगेटिव्ह धुतल्यावर, लाल दिव्याखाली प्रिंट उमटायला लागल्यावर. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हळूहळू काळा व्हायला लागतो, आधी केस दिसतात, मग कॉलर, मग भुवया, डोळे सगळ्यात शेवटी नीट कळतात, आणि मी लहानपणी बाबांच्या शेजारी स्टुलावर उभी राहून त्याच एका गोष्टीची वाट बघायचे, की उघडे आहेत की नाहीत. नसले की बाबा काही बोलायचे नाहीत. तो कागद चिमट्याने उचलून बाजूला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ताई, पापणी लवली होती, अजून एक घेऊ, त्याचे पैसे नाहीत." दहावीच्या फॉर्मच्या दिवसांत तर रांग लागायची, आसपासच्या शाळांची सगळी पोरं, केसांना पाणी लावून आलेली, आणि प्रत्येकाला दोन दोन फोटो काढणं परवडणारं नसायचं.

"डोळे मिटले" असं बाबा कधीच म्हणायचे नाहीत. पापणी लवली असंच म्हणायचे. एकदा हाताखालच्या मुलाने एका आजोबांना सरळ सांगितलं की तुमचे डोळे मिटलेत, तर बाबांनी ते आजोबा गेल्यावर त्याला जवळ बोलावून समजावलं की आपल्याकडे डोळे मिटणं कशाला म्हणतात ते माहितीये ना, मग म्हातारं माणूस समोर असताना तो शब्द काढायचा नाही. मी तिथेच होते, सातआठ वर्षांची असेन, आणि एकच गोष्ट सांगायला दोन शब्द आहेत आणि त्यांत एवढं अंतर आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि बाबांची युक्ती होती. सगळ्या जुन्या फोटोग्राफरांची असते. लोक समजतात की एक दोन तीन म्हणायचं आणि दाबायचं, पण तीन म्हटलं की माणूस ताठरतो आणि नेमकी तेव्हाच पापणी लवते. बाबा मोजायचे नाहीत. बोलत राहायचे. गाव कुठलं, शाळा कुठली, पाऊस आहे का तिकडे. आणि समोरच्याचं वाक्य संपलं की थांबायचे, कारण माणसं वाक्य संपलं की पापणी लववतात, वाचताना ओळ संपली की लववतात, श्वास टाकल्यासारखं असतं ते. ती लवून गेली की लगेच, त्याच घडीला, बटण. म्हणायचे, एक लवून गेली की पुढची यायला वेळ असतो, तेवढा वेळ आपला.

तेवढा वेळ म्हणजे किती? मोठा माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो, म्हणजे तीनचार सेकंद. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण बरंच कमी होतं, म्हणून तर संध्याकाळी डोळे कोरडे पडतात. आणि तान्ही बाळं मिनिटाला जेमतेम दोनतीनदाच लववतात, तुम्ही कधी बाळाला मांडीवर घेऊन बघितलं असेल तर आठवेल, ते कसं टक लावून बघत राहतं. गेममध्ये आपण बाळ असतो तेव्हा आपली पापणी मात्र मोठ्या माणसाची असते, त्यामुळे बाळाचं जे एवढं सावकाश आयुष्य असतं ते आपल्या हातून भराभरा निसटतं. हे गेम बनवणाऱ्यांनी ठरवून केलं असेल की आपोआप झालं असेल, पण मला ते फार खरं वाटलं. आपलं बाळपण आपल्याला आठवतं ते असंच, दोन क्षण, आणि मधे सगळी उडी.

याशिकाबद्दल सांगायलाच पाहिजे. बाबांकडे याशिका कंपनीचा ट्विन लेन्स कॅमेरा होता, वर एक भिंग बघायला, खाली एक फोटो काढायला, आणि वरून वाकून काचेत बघायचं, त्यात समोरचं सगळं डावंउजवं उलटं दिसायचं. नंतर सगळ्यांकडे एसएलआर आले तरी बाबा स्टुडिओत बरीच वर्षं याशिकाच वापरायचे, लोकांना वाटायचं जुन्या गोष्टीचं प्रेम. पण कारण वेगळं होतं. एसएलआरमध्ये तुम्ही ज्या भिंगातून फोटो निघतो त्याच भिंगातून बघता, मधे आरसा असतो, आणि बटण दाबलं की तो आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता तुम्हाला अंधार. म्हणजे फोटो ज्या क्षणाचा निघतो नेमका तोच एक क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. कॅमेराच पापणी लववतो. ट्विन लेन्समध्ये तसं होत नाही, फ्लॅश उडतो आणि त्या उजेडात समोरच्याचे डोळे उघडे होते की मिटलेले ते बाबांना तिथल्या तिथे दिसायचं, कळायचं की हा गेला, अजून एक घ्यायला हवा. "मला तो क्षण बघायचा असतो गं," म्हणायचे.

गेम खेळताना हे वाक्य मला किती वेळा आठवलं असेल.

आमची आजी, म्हणजे बाबांची आई, नलदमयंतीची गोष्ट सांगायची, स्वयंवराची. दमयंतीला नलाला वरायचंय आणि मंडपात बघते तर पाच नल बसलेत, चार देव नलाचं रूप घेऊन आलेत. मग ओळखायचं कसं? देवांना घाम येत नाही, त्यांच्या गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि त्यांची पापणी लवत नाही. म्हणून त्यांना अनिमिष म्हणतात. आजी हे सांगताना स्वतः डोळे मोठे करून एकटक बघायची आणि आम्ही वाट बघायचो तिची पापणी कधी लवते. दमयंतीने ज्याची पापणी लवत होती त्याच्या गळ्यात माळ घातली. लहानपणी मला ती ओळखायची खूण वाटायची, कोडं सुटल्यासारखी. आता वाटतं की तिच्यापुढे चार देव होते आणि तिला तो हवा होता ज्याचे क्षण सुटणार होते. आणि निमिष हा शब्दही बघा ना, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, आपल्याकडे वेळ मोजायचं मापच ते आहे. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, असं आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. त्या अमेरिकेतल्या मुलांनी जो गेम बनवला तो आपल्या भाषेत आधीच बसलेला आहे असं मला सारखं वाटत होतं.

मुलं म्हणतेय कारण याची सुरुवात खरंच विद्यार्थ्यांनी केली, कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात शिकत असताना, तेव्हा नाव "क्लोज युअर" होतं, आणि त्याला २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या गेमसाठीचं बक्षीसही मिळालं होतं. मग पूर्ण गेम यायला २०२१ उजाडलं. दीड तासाच्या गोष्टीसाठी एवढी वर्षं. २०२२ मध्ये त्याला ब्रिटनमधलं बाफ्टाचं पारितोषिक मिळालं, मग तो मोबाइलवरही आला. भाचीला हे सगळं पाठ होतं, मला तिने शिकवलं.

सगळंच आवडलं असं नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात गोष्ट एक वळण घेते, ते मी सांगणार नाही, पण तिथे मला वाटलं की लेखक आपल्याला रडवायच्या मागे लागलेत, संगीत चढतंय, माणसं जरा जास्त समजावून बोलतायत, आणि त्याची गरज नव्हती, कारण आई पियानोपाशी बसलेली असताना तिचं वाक्य अर्ध्यात तुटणं यातच सगळं आलं होतं. शिवाय चष्म्यावर उजेड चमकला की कॅमेरा चुकतो, न लववलेली पापणी मोजतो, तेव्हा फार राग येतो. ज्यांना कॅमेऱ्याने खेळता येत नाही त्यांच्यासाठी माउसचं बटण दाबून खेळायची सोय आहे, ती असायलाच पाहिजे, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी कृपा करून डोळ्यांनीच खेळा. बटण आपण ठरवून दाबतो. सगळा जीव त्याच्यात आहे की हे आपण ठरवत नाही.

आणि एक जागा आहे, एक नाही, अशा काही जागा आहेत, जिथे गेम उलट सांगतो, की आता डोळे मिट आणि मिटूनच ठेव. मग स्क्रीनवर काय चाललंय ते दिसत नाही, पण पलीकडे आईबाबा हळू आवाजात काय बोलतायत ते ऐकू यायला लागतं, उघडलेत की नाही येत. इतका वेळ आपण डोळे उघडे ठेवायला जिवाचा आटापिटा करत असतो आणि इथे एकदम कळतं की मिटलेल्या डोळ्यांनीही काही मिळतं. मी तिथे हलले.

कारण बाबा. दिवसभर लोकांना इकडे बघा इकडे बघा म्हणणारा माणूस डिसेंबरात सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, गेला की डोळे मिटून बसायचा. रमणबागेच्या मैदानावर, मागे भारतीय बैठकीत, सतरंजी, शाल, थर्मास, आईने दिलेल्या पोळीभाजीचा डबा, आणि कार्यक्रम तेव्हा रात्रभर चालायचा, मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे आणि मधेच जाग आली की वर बघायचे तर बाबांचे डोळे मिटलेले, चेहरा असा की मी कधीच बघितला नव्हता. मला भीती वाटायची. एकदा मी हलवून विचारलं, झोपलात का, तर डोळे न उघडताच म्हणाले, "नाही गं, ऐकतोय." त्यांचा तसा फोटो कोणीच काढला नाही. आमच्या घरात फोटो काढणारे तेच एकटे होते.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ते गेले तेव्हा हार घालायला फोटो हवा होता आणि आमच्याकडे नव्हता. ज्या माणसाने पेठेतल्या निम्म्या घरांसाठी हे काम केलं, कोणी गेलं की घरचे लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि बाबा त्यातला एक चेहरा उचलून मोठा करून द्यायचे, रात्री जागून, दहाव्याच्या आत, त्याच माणसाचा स्वतःचा धड फोटो नाही. शेवटी लायसन्सवरचा मोठा करून घेतला. भिंतीवर अजून तोच आहे. त्यात ते कोणीतरी दुसरेच दिसतात, सरकारी खिडकीसमोर बसलेला माणूस जसा दिसतो तसे.

म्हणजे एक फोटो होता, मला माहीत होतं. १९९१ चा, स्टुडिओतलाच, आम्ही चौघं, मागे तो धबधब्याचा पडदा. बाबांनी सेल्फ टायमर लावला होता, याशिकाचा तो सर्र्र आवाज, धावत येऊन आईशेजारी बसले, आणि बसल्या बसल्या पापणी लवली. आम्ही तिघं नीट आहोत, त्यांचेच डोळे मिटलेले. बारावा फोटो होता तो रोलमधला, पुढे रोल नव्हता. बाबांनी प्रिंट एकच काढली आणि पाकिटात ठेवून दिली, भिंतीवर लावली नाही, आणि ते गेल्यावर मीही ती बाहेर काढली नाही, कारण मिटलेल्या डोळ्यांचा फोटो हाराखाली कसा लावणार.

गेम संपला त्या रात्री मी माळ्यावरची पेटी काढली. पाकिटं सगळी लावून ठेवलेली, वर बाबांचं अक्षर, तारीख, गिऱ्हाइकाचं आडनाव. आमचं पाकीट "घरचे" असं. फोटो चांगला टिकलाय, बाबांचं फिक्सिंग पक्कं असायचं, हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणातून, काढल्यावर किती वेळ धुवायचं यात कधी कसर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दाखवला. आईचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता तिला लांबचं माझ्याहून बरं दिसतं. तिने खूप वेळ हातात धरला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "सवाईत बसलेत." बस्स, एवढंच, आणि मला कितीतरी वर्षांनी तो रमणबागेतला चेहरा परत दिसला, खरंच तोच आहे.

मग भाची म्हणाली, आजी, तू पण खेळ ना. मला वाटलं आईला इंग्रजी बोलणं कळणार नाही, पण भाची शेजारी बसली आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. आईला उशीवर उशी देऊन उंच बसवलं, खिडकीचा पडदा थोडा ओढला, वेबकॅमने तिचे डोळे बरोबर पकडले. तिने किनारा बघितला, नाव बघितली, लांडग्याला नमस्कार केला. मेट्रोनोम आला की भाची सांगायची, आजी, आता जाणार, आणि आई म्हणायची, जाऊ दे, बघितलं मी. तिला माझ्यासारखं डोळे ताणून धरायचं काही वाटलं नाही. दर वेळी आरामात पापणी लवायची आणि ती पुढे काय येतंय ते बघायची.

डोळे मिटायची जागा आली. भाचीने सांगितलं, आजी, मिट, आता नुसतं ऐकायचं. आईने मिटले. हात मांडीवर, मान किंचित वर. स्पीकरमधून त्या मुलाचे आईवडील बोलत होते, आईला त्यातलं काही समजत नव्हतं, भाचीही गप्प झाली होती, सांगायचं विसरली. फोटो टेबलावर लॅपटॉपला टेकवून ठेवलेला. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

बोलणं संपलं. भाची म्हणाली, "आजी, उघड आता, झालं."

आई म्हणाली, "थांब गं जरा."